देवाचे खाते वेगळे ठेवा

(जिल्हा मेळाव्यात कोरडवाहू शेतकऱ्यांसमोर केलेले भाषण)



सकाळपासून आपण भावाविषयी बोललो, विजेविषयी बोललो, बँकेच्या नोटिसांविषयी बोललो. हे सगळे माइकवर बोलायचे विषय. पण एक प्रश्न माइकवर कधी येत नाही. सभा संपते, सतरंज्या गुंडाळल्या जातात, मग एखादा म्हातारा कास्तकार बाजूला घेऊन हळूच विचारतो, "भाऊ, वखरणीपासून वेचणीपर्यंत कुठे कसूर केली नाही. एकादशी मोडली नाही. तरी हाती काही लागलं नाही. देवाचं आम्ही काय वाकडं केलं?"

मी शेतकीचा पदवीधर. कॉलेजात पिकाचे शास्त्र शिकवले, या प्रश्नाचे उत्तर शिकवले नाही. पण जिल्ह्यात हिंडताना हा प्रश्न इतक्या ओसऱ्यांवर ऐकला, की तो एकट्यादुकट्याचा राहिलेला नाही. तेव्हा आज तो सगळ्यांसमोर घेऊ.

या प्रश्नाला गावात दोन उत्तरे मिळतात. एक जण म्हणतो, "मागच्या जन्मीचं पाप असेल, भोगलं पाहिजे." दुसरा, शहरात शिकून आलेला, म्हणतो, "देवबीव काही नसतं काका, तुमचं नियोजन चुकलं." दोन्ही उत्तरे ऐकून माणूस घरी जातो तो आणखी खचून. पहिल्याने त्याला पापी ठरवले, दुसऱ्याने अडाणी. आणि ज्याचे वावर बुडाले त्यालाच दोघांनी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले.

मला वाटते, उत्तर देण्याआधी हिशेब मांडावा. आपण हिशेबाची माणसे आहोत. दुकानदाराचे खाते आणि सोसायटीचे खाते आपण एकात मिसळत नाही. मग बुडालेल्या हंगामाचा हिशेब करतानाच सगळी खाती देवाच्या नावावर का लिहितो?

पहिले खाते आभाळाचे

कपाशी पात्या-फुलांवर असते तेव्हा ऑगस्टमध्ये वीस-पंचवीस दिवसांची उघडीप पडली, तर हलक्या बरड जमिनीतली ओल संपते आणि पातेगळ सुरू होते. त्याच शिवारात, त्याच पावसावर, भारी काळ्या जमिनीतली पऱ्हाटी तग धरून राहते. दोघे शेतकरी एकाच देवळात जातात. त्यांच्या पूजेत फरक नाही, मातीच्या खोलीत आहे.

ज्वारीचे घ्या. पावसाच्या सुरुवातीला पेर साधली तर खोडमाशीच्या तडाख्यातून पीक बरेचसे सुटते. पाऊस लांबला आणि पेर जुलैच्या मध्यापुढे गेली, की पोंगे मरू लागतात. पाऊस लांबवला कोणी? तुम्ही नाही. पुढे दाणा भरताना आभाळ झाकून आले आणि झड लागली, की कणसे काळी पडतात. ती बुरशी आहे. दमट हवा मिळाली की ती येणारच. घरात कोणी काय पाप केले याची तिला खबर नसते.

२०१७ चा खरीप आठवा. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात गुलाबी बोंडअळीने कपाशी पोखरली. तिची मादी पात्यांवर, फुलांवर, कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. अळी निघाली की आत शिरते आणि छिद्र बुजून जाते. वरून बोंड हिरवेगार, आत किडका कापूस. अळी आत शिरल्यावर फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. आणि बीटी बियाण्यातल्या ज्या दोन प्रथिनांनी ती मरेल असे सांगितले होते, त्यांना ती दाद देईनाशी झाली होती. त्या वर्षी ज्याने खत वेळेवर दिले, तीन डवरे फिरवले, निंदण केले, त्याचीही बोंडे सडली. ज्याने काहीच केले नाही त्याचीही सडली. यात पापपुण्याचा निवाडा कुठे आला?

दुसरे खाते बाजाराचे आणि सरकारचे

आता ज्या वर्षी पीक येते त्या वर्षाचे बोलू. २०२२ च्या सुरुवातीला कापसाने क्विंटलला दहा हजारांचा आकडा ओलांडला. ते पाहून पुढच्या हंगामात पुष्कळांनी कापूस घरात राखून ठेवला. २०२३ मध्ये भाव सात-आठ हजारांवर आला. घरात साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटली, आणि शेवटी पडेल त्या भावाने द्यावा लागला.

२०२५ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये हमीभाव जाहीर झाला. त्याच वर्षी १९ ऑगस्टपासून केंद्र सरकारने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले आणि ती सवलत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे आपल्या वेचणीच्या ऐन महिन्यांत. हा निर्णय दिल्लीत कागदावर सही करून झाला. कागदावर सही करणारा हात देवाचा नसतो.

म्हणून ध्यानात घ्या, भावांनो. काटा मारणाऱ्याचा दोष, बोगस बियाणे विकणाऱ्याचा दोष, चुकारा अडवून धरणाऱ्याचा दोष, भाव पाडणाऱ्या धोरणाचा दोष आपण "देवाची मर्जी" म्हणून सोडून देतो, तेव्हा आपण देवाचीच बदनामी करतो. ज्याचा दोष आहे तो मोकळा सुटतो आणि देवाच्या माथी नसते पाप बसते. याला मी श्रद्धा म्हणणार नाही.

इथे काही जण गीता पुढे करतात. "कर्म करा, फळाकडे पाहू नका असं भगवंतांनी सांगितलंय," असे आपल्याला ऐकवले जाते. कोण ऐकवतो तेही पाहा. स्वतःच्या पगाराची तारीख आणि स्वतःच्या नफ्याची टक्केवारी ज्याला पाठ आहे, तोच बहुधा हे शेतकऱ्याला ऐकवतो. गीतेची शिकवण मोठी आहे. फळ हाती नसताना काम नेटाने करावे, आणि फळ गेले तरी मन मोडू देऊ नये, ही ती शिकवण. ती प्रत्येकाने स्वतःला सांगायची आहे. दुसऱ्याचे फळ उचलून नेताना त्याला ऐकवायची नाही.

तिसरे खाते माझे

हे खाते लहान आहे, पण ते आहे. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय कपाशी टोबायची नाही, फरदड ठेवायची नाही, पऱ्हाटी वेळेवर उपटून वावर मोकळे करायचे, फुले लागली की डोमकळ्या शोधून नष्ट करायच्या, कामगंध सापळे लावायचे, ज्वारी-तूर-मूग यांची सांगड ठेवून सगळा भार एका पिकावर टाकायचा नाही, हे आपल्या हातचे आहे. ज्याच्या हातून यातले काही राहिले, त्याने ते पुढच्या हंगामासाठी वहीत लिहावे. तेवढे पुरे. त्यासाठी रात्ररात्र जागून स्वतःला शिव्या देण्याचे कारण नाही. आणि सगळे करूनही बुडाले, तर आपले खाते बेबाक आहे असे समजून मान ताठ ठेवावी.

मग देवाकडे काय उरले?

तीन खाती वेगळी काढली. आता कोणी विचारील, "भाऊ, पाऊस हवेचा, भाव दिल्लीचा, मशागत माझी. मग देवाला ठेवलं काय?" प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर पुस्तकापेक्षा आपल्यातल्याच एका बुडालेल्या माणसाकडे मागावे.

१६३० च्या सुमाराला दख्खन आणि गुजरातेत मोठा दुष्काळ पडला. पुणे परगण्यात इंद्रायणीकाठी देहू गावात एक कुणब्याचे घर होते. शेती होती, दुकान होते, देण्याघेण्याचा व्यवहार होता. दुष्काळात व्यापार बुडाला, पैसा गेला, मान गेला. थोरली बायको अन्नावाचून मेली. मुलगाही गेला असे चरित्रकार सांगतात. लोकांत तोंड दाखवायची लाज वाटावी अशी गत झाली. हे त्या माणसाने स्वतःच आपल्या अभंगांत सांगून ठेवले आहे. आज आपण त्यांना जगद्गुरू म्हणतो, पण त्या वर्षी ते देहूतले एक दिवाळे निघालेले तरुण गृहस्थ होते.

तुकोबांनी काय कमी मेहनत केली होती? घरात विठ्ठलाची सेवा पिढ्यान् पिढ्या होती. तरी दुष्काळ त्यांच्या दारावरून पुढे गेला नाही. विठ्ठलाने त्यांच्या कणगीत धान्य आणून ओतले नाही. ही गोष्ट आपण नीट पचवली पाहिजे. भक्ती केली म्हणजे पीक येते, हा करार असता तर तो सगळ्यांत आधी तुकोबांच्या घरी पाळला गेला असता.

पुढे त्यांनी काय केले? गावातले मोडकळीला आलेले विठ्ठलाचे देऊळ दुरुस्त केले. आणि घरातली कर्जखते बाहेर काढली. धाकटे भाऊ कान्होबा यांचा निम्मा वाटा त्यांना दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली. ज्या दुष्काळाने तुकोबांचे घर बुडवले, त्यानेच त्यांच्या ऋणकोंची घरेही बुडवली होती. तुकोबांनी ते ओळखले. "माझे बुडाले, आता मी तुमच्याकडून वसूल करतो" असे ते म्हणाले नाहीत.

मला यात देवावरच्या भरवशाचा अर्थ सापडतो. माझे पीक म्हणजे मी नव्हे. माझे दुकान म्हणजे मी नव्हे. ते गेले तरी माझी किंमत उणी होत नाही, कारण ती किंमत बाजार समितीच्या काट्यावर ठरलेली नाही. असा ज्याला भरवसा असतो, त्याला नुकसान झाल्यावर लपून बसावे लागत नाही, आणि दुसऱ्याच्या नरडीवर पाय देऊन आपली भरपाईही करावी लागत नाही. देवाच्या खात्यात हे लिहायचे. पाऊस, भाव आणि बोंडअळी तिथे लिहायची नाही.

आपले सण काय सांगतात?

हे मी नवीन सांगत नाही. आपल्या आयाबायांना हे ठाऊक आहे. वऱ्हाडात कापसाच्या पहिल्या वेचणीआधी सीतादही करतात. वावरात जाऊन पऱ्हाटीची पूजा करायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, मग पहिला कापूस वेचायचा. तेव्हा एकरी किती क्विंटल उतरणार हे कोणाला माहीत असते का? लातूर-धाराशिवकडे वेळ अमावास्या असते. रब्बीची ज्वारी अजून उभी असते, दाणा घरात आलेला नसतो, तेव्हाच शेतात कडब्याची कोप करून पूजा होते आणि वाटेने जाणाऱ्यालाही हाक मारून आंबील-भज्जी खाऊ घालतात. वारकरी पेरणी उरकून आषाढीला पंढरपूरला निघतो. मागे वावरात उगवण कशी झाली हे ठाऊक नसताना निघतो, आणि विठोबाला नवस बोलत नाही.

म्हणजे आपल्या पूर्वजांनी देवाला द्यायचे ते रास मोजण्याआधी दिले. रास मोठी झाली तर इतके देईन, असा सौदा केला नाही. हातात काही नसतानाही वाटून खाल्ले. भरवसा म्हणतात तो हा. मोबदला मागणारी भक्ती आली, की तिच्यामागे कर्जही येते.

गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले. शेंडगावात १८७६ साली जन्मले, दापुऱ्याला मामाच्या शेतात राबून वाढले. त्या मामाची जमीन सावकाराच्या घशात गेलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली. पुढे आयुष्यभर ते कीर्तनात लोकांना बजावत राहिले, की कर्ज काढून सण करू नका, कर्ज काढून तीर्थ करू नका, देवापुढे बकरे मारू नका, मुलांना शाळेत घाला. बाबांची देवावर श्रद्धा नव्हती असे कोण म्हणेल? पण देवाच्या नावाने कर्ज चढू द्यायचे नाही, हे त्यांनी मामाच्या वावरात शिकून घेतले होते. नापिकीच्या वर्षी नवस फेडायला म्हणून व्याजाने पैसे आणणाऱ्याने एवढे तरी आठवावे. देव हप्त्याने वसुली करत नाही. वसुली करणारे वेगळे आहेत.

लाजेविषयी दोन शब्द

आता जे सांगतो ते जड आहे, पण सांगितले पाहिजे. आपल्या या कापूसपट्ट्यात हजारो कास्तकारांनी आपला जीव दिला. कर्ज हे कारण आहे, भाव हे कारण आहे, ते आपण रोज सांगतो आणि सांगत राहू. पण कर्ज असलेला प्रत्येक माणूस मरत नाही. कर्जाला जेव्हा लाज येऊन मिळते, माणूस चार लोकांत उठणे-बसणे सोडतो, आणि आपण घराला भार झालो, देवानेही आपल्याला टाकले, असे मनाने घेतो, तेव्हा धोका उभा राहतो.

अशा माणसाला "देवावर विश्वास ठेव" असे सांगून निघून जाऊ नका. त्याच्या ओसरीवर बसा. देवाने त्याला टाकलेले नाही हे त्याला कसे कळणार? तुम्ही गेलात तर कळणार. तुकडोजी महाराजांनी गावाचीच गीता लिहिली, ती उगीच नव्हे. गाव धावून आले तर देव आला असे वाटते. गाव फिरकले नाही तर देऊळ कितीही उंच असो, त्या घरापुरते ते रिकामे.

आणि या सभेत कोणी मनातून तिथवर पोहोचला असेल, त्याला मी हात जोडून सांगतो. दादा, कर्जाचे पुनर्गठन होते, मुदत वाढते, वादाचा निकाल लागतो, वाईट वर्षामागून बरे वर्षही येते. या सगळ्याला तुम्ही जिवंत असावे लागता. तुम्ही गेल्याने कर्ज जात नाही. ते तुमच्या घरधनिणीच्या पदरात पडते, आणि तिला त्याच वावरात एकटीने तिफण धरावी लागते. आपल्या जिल्ह्यात अशा किती बहिणी आज वावर करत आहेत, त्यांना विचारा. कोणाशी बोलवत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा फोन आहे, दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. पण त्याआधी शेजाऱ्याशी बोला.

गावात जाऊन काय करायचे?

भाषण ऐकून टाळ्या वाजवून जाऊ नका. चार कामे सांगतो.

एक. गावात ज्याचे वावर बुडाले त्याच्या घरी आठ दिवसांच्या आत दोघांनी तरी जायचे. सल्ला द्यायला नको, बसायला जायचे. त्याच्या घरचे निंदण किंवा वेचणी अडली असेल तर एक दिवस हाताला हात लावायचा.

दोन. बियाण्याचे पक्के बिल, पिशवीवरचे लेबल आणि मूठभर बियाणे जपून ठेवायचे. उगवण झाली नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यायची आणि पोच घ्यायची. नुकसान झाले की पंचनाम्याला तलाठ्याच्या मागे चौघांनी मिळून लागायचे. "देवाने नेले" म्हणून घरी बसायचे नाही.

तीन. कोणाची जमीन बेकायदा सावकाराने व्याजापोटी लिहून घेतली असेल, तर २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यात ती परत मिळवण्याची वाट आहे. अर्ज जिल्हा उपनिबंधकाकडे होतो. कागदपत्रे घेऊन आमच्याकडे या. अर्ज लिहून देऊ, सोबत येऊ.

चार. नापिकीच्या वर्षी गावाने ठराव करायचा, की लग्न, तेरवी, नवस, पंगत यांत कोणी कर्ज काढणार नाही, आणि कमी केले म्हणून कोणी कोणाला नाव ठेवणार नाही. गरिबाला हे एकट्याला जमत नाही, त्याची लाज आडवी येते. म्हणून ऐपतवाल्यांनी आधी आपल्या घरी सुरुवात करायची.

भावांनो, देवावर भरवसा ठेवा असे सांगायला मी अधिकारी माणूस नाही. तो अधिकार तुमचाच आहे. मागच्या वर्षी बुडालेला माणूस या वर्षी मृगाला पुन्हा काळ्या मातीत बी टाकतो, ते परत येईल याची हमी त्याला कोणी दिलेली नसते. एवढा भरवसा दुसऱ्या कोणत्या धंद्यात आहे? तुमची श्रद्धा कमी पडली म्हणून तुमचे पीक गेलेले नाही. ही गोष्ट घरी गेल्यावर आपल्या बायकोला, पोराला, म्हाताऱ्या बापाला मोठ्याने सांगा. त्यांनाही ती ऐकायची आहे.